मिकी काय म्हणाला?

गाय रिचीचा 'स्नॅच' २००० साली आला. आज तो पाहणारे बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. तरी मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत, मीममधून, 'ब्रॅड पिट बॉक्सिंग सीन' असं शोधून तो पाहिला जातोच. आयएमडीबीच्या अडीचशे सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत तो वर्षानुवर्षं टिकून आहे. पण पाहणाऱ्यांचं त्याच्याबद्दल एकमत कधीच झालं नाही. कुणी म्हणतं, असा विनोदी गँगस्टरपट पुन्हा झाला नाही. कुणी म्हणतं, नुसती स्टाइल आहे, आत काही नाही. कुणी अर्ध्यावर सोडून देतं, कारण कोण काय बोलतोय हेच कळत नाही.

मला यातलं तिसरं मत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'कळत नाही' ही या चित्रपटाची अडचण नाहीच, तो त्याचा विषय आहे. (पुढे कथा उघड होते. पाहिला नसेल तर पाहून या, जेमतेम पावणेदोन तासांचा आहे.)

आधी कथा थोडक्यात. अँटवर्पमधून ८६ कॅरटचा एक हिरा चोरीला जातो आणि लंडनमध्ये हातोहात फिरत राहतो. त्याच्यामागे अमेरिकेतला जवाहिऱ्या, रशियन शस्त्रविक्या, तीन नवशिके लुटारू आणि सापडेल ते गिळणारा एक कुत्रा. दुसरीकडे टर्किश (जेसन स्टॅथम) आणि टॉमी (स्टीफन ग्रॅहम) हे दोघं बेकायदा बॉक्सिंगच्या लढती लावतात. त्यांना ऑफिससाठी एक जुना कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, हवा असतो. तो घ्यायला टॉमी 'ट्रॅव्हलर' लोकांच्या तळावर जातो. हे आयर्लंडमधले भटके लोक. तिथे त्याला मिकी ओनील भेटतो, म्हणजे ब्रॅड पिट. मिकी इतकं भराभर आणि इतकं गोल बोलतो की समोरच्याला एक शब्द धड लागत नाही. कुत्र्यांना तो 'डॉग्ज' न म्हणता 'डॅग्ज' म्हणतो, आणि टॉमीला हे कळायला बराच वेळ लागतो. प्रेक्षक तिथे हमखास हसतो.

सौदा होतो, पैसे दिले जातात, आणि कॅरव्हॅन तळावरून बाहेर निघता निघताच चाकातून मोडतो. पैसे परत मागितल्यावर प्रकरण मारामारीवर येतं. टर्किशचा धिप्पाड मुष्टियोद्धा गॉर्जस जॉर्ज विरुद्ध हा हडकुळा, उघडाबंब मिकी. मार खात खात मिकी अचानक एकच ठोसा लगावतो आणि जॉर्ज आडवा.

आता गंमत संपून भीती सुरू होते. जॉर्ज ज्या लढतीत उतरणार होता ती ब्रिक टॉपची (ॲलन फोर्ड) आहे. जाड चष्म्याचा हा म्हातारा, प्रेतं डुकरांना कशी खाऊ घालायची हे एखाद्या मास्तरासारखं समजावून सांगतो. त्याला बदली खेळाडू हवा, आणि त्या खेळाडूनं चौथ्या फेरीत ठरवून पडायला हवं. म्हणून टर्किश मिकीकडे जातो. मिकीची अट एकच: माझ्या आईसाठी नवा कॅरव्हॅन.

आता पाहणाऱ्यांची मतं.

पहिलं मत समीक्षकांचं. रिचीचा पहिला चित्रपट 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' १९९८ चा. पुष्कळांना 'स्नॅच' ही त्याचीच मोठ्या बजेटची नक्कल वाटली. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 'लॉक, स्टॉक'ला चारपैकी तीन तारे दिले होते, 'स्नॅच'ला दोनच. आक्षेप खोटा नाही. वेगळाली टोळकी, एकमेकांत अडकलेले योगायोग, मधूनच थांबणारी चित्रं, निवेदकाचा मिश्कील आवाज, सगळं तेच आहे.

दुसरं मत नैतिक. माणसं मरतात आणि आपण हसतो. बंदुकीच्या गोळीवर जोक, कापलेल्या हातावर जोक. हिंसा इतकी स्वस्त करून दाखवली की तिचं काही वाटेनासं होतं, असं हे मत. यातही तथ्य आहे.

तिसरं मत आमच्याकडचं. आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं, धानाच्या चौरास पट्ट्यातलं गाव. इथे 'स्नॅच' काही थिएटरात आला नव्हता. तो आला पेनड्राइव्हमधून आणि मग मोबाइलमधून. चारपाच जणांनी एका स्क्रीनला डोकी लावून पाहिला तेव्हा मिकीच्या पहिल्या सीनला एकानं विचारलं, "हा का म्हन्ते गा?" सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, "पुन्यात आपन बोललो का लोकं असेच पाहतेत आपल्याकडं."

त्या एका वाक्यानं चित्रपट पाहण्याची बाजूच बदलली. तोवर आम्ही टर्किश आणि टॉमीच्या बाजूनं मिकीकडे पाहत होतो. त्यानंतर काही जण मिकीच्या बाजूनं त्या दोघांकडे पाहायला लागले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात झाडीबोली बोलतात. तिच्यात 'ण' नाही, 'न' आहे. 'ळ'च्या जागी 'र' येतो, डोळ्याचा 'डोरा' होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला आणि ती अशुद्ध मराठी नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे हे दाखवून दिलं. पण शिक्षणाला, नोकरीला पुण्या-मुंबईत गेलेल्या पोराला हे व्याकरण कुणी विचारत नाही. तो 'पानी' म्हणाला की समोरचा हसतो. वाईट हेतूनं नाही, गोड वाटलं म्हणून. 'पुन्हा म्हण ना' असंही म्हणतो. दोन महिन्यांत पोरगं 'पाणी' म्हणायला शिकतं आणि घरी फोन करायचा असला की खोलीबाहेर जातं.

ही हसण्याची उतरंड आहे. घरात मडक्यांवर मडकी रचतात तशी. वरचं मडकं मिरवतं, सगळ्यांचा भार खालच्यावर.

उतरंड किती उंच आहे ते पाहायचं तर हिंदी सिनेमाकडे बघा. 'लॉक, स्टॉक'चा आपल्याकडचा वारसदार म्हणजे २००६ चा 'फिर हेरा फेरी'. शेवटी जुन्या किमती बंदुका, पूल आणि वाजणारा फोन, हे सगळं थेट तिथून उचललंय. पण त्या चित्रपटाचा प्राण कुठे आहे? बाबूराव गणपतराव आपटेमध्ये. परेश रावल यांचा बाबूराव पहिल्यांदा आला २००० च्या 'हेरा फेरी'त, म्हणजे नेमका 'स्नॅच'च्याच वर्षी. त्याचं धोतर, त्याचा चष्मा आणि मुख्य म्हणजे त्याची मराठी वळणाची हिंदी. अख्खा देश त्या हिंदीवर हसला आणि आपणही हसलो. मीही हसतो, पुढेही हसेन. पण गणित लक्षात घ्या. हिंदीत मराठी माणसाचं बोलणं हा विनोद. मराठी टीव्हीवर विदर्भाचं, मराठवाड्याचं बोलणं हा विनोद. आणि आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर? तिथेही मी पाहिलेल्या बऱ्याच नाटकांत नायक-नायिका पुस्तकी मराठीत प्रेम करतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. म्हणजे उतरंडीतलं शेवटचं मडकं आपण आपल्याच घरात ठेवलंय.

आता 'स्नॅच'कडे परत या आणि एक गोष्ट तपासा. मिकीचं बोलणं न कळल्याचा तोटा कुणाला होतो?

मिकीला कधीच नाही. कॅरव्हॅनच्या सौद्यात टॉमी फसतो, कारण समोरचा काय बोलतोय हे विचारायची त्याला लाज वाटते आणि तो मान डोलावत राहतो. आईसाठी कॅरव्हॅन कसा हवा, रंग कुठला, आत काय काय, हे मिकी एका दमात सांगतो. टर्किश आणि टॉमी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. मिकीला मात्र त्यांचं सगळं कळतं. भाषेची भिंत एकाच बाजूनं आहे. त्याला दोन्ही भाषा येतात, यांना एकच. खालच्या मडक्याला वरच्याचा भार ठाऊक असतो, वरच्याला खालचं दिसतही नाही.

हा विनोद वरवर मिकीवर आहे, पण फटका बसतो तो न ऐकणाऱ्याला. ब्रिटिश काळ्या विनोदात ही जुनी रीत आहे. १९५५ च्या 'द लेडीकिलर्स'मध्ये दरोडेखोरांची आख्खी टोळी एका एकट्या म्हातारीपुढे हरते. तिचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, तिथेच त्यांचा शेवट सुरू होतो. रिचीनं तीच गोष्ट म्हातारीऐवजी भटक्याला दिली.

मिकीचा उच्चार असा का, याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९९७ च्या 'द डेव्हिल्स ओन'मधल्या पिटच्या आयरिश उच्चारांवर बरीच टीका झाली होती. मग इथे असा उच्चार घेतला की चूक काढायला कुणाला शब्दच सापडू नये. डीव्हीडी निघाली तेव्हा तिच्यावर फक्त मिकीच्या बोलण्यापुरत्या सबटायटल्सचा वेगळा पर्यायही होता. गंमत म्हणून. आज आपण सरळ इंग्रजी सबटायटल्स लावतो आणि मिकीचं वाक्य पडद्यावर वाचतो. माझं म्हणणं, पहिल्यांदा पाहताना ती बंद ठेवा. वाचून कळलं की आपण सुरक्षित होतो. न कळता ऐकलं की आपणही टॉमीच्या शेजारी उभे राहतो.

हिंसेबद्दलच्या आक्षेपाचं उत्तरही इथेच सापडतं, आगीच्या सीनमध्ये.

पहिल्या लढतीत मिकी ठरल्याप्रमाणे पडत नाही, एका ठोशात समोरच्याला झोपवतो. ब्रिक टॉपची नाचक्की होते. दुसऱ्या लढतीसाठी मिकीला वाकवायचं म्हणून तो माणसं पाठवतो आणि त्याच्या आईचा कॅरव्हॅन पेटवून देतो. आई आत झोपलेली असते. मिकी धावत सुटतो, त्याचीच माणसं त्याला धरून ठेवतात. मॅसिव्ह अटॅकचं 'एंजल' वाजत राहतं. निवेदकाचा मिश्कीलपणा गळून पडतो.

तासभर ज्याच्या तोंडच्या प्रत्येक आवाजावर आपण हसत होतो, त्याचं ओरडणं आता ऐकू येतं आणि ते सगळ्यांना कळतं. ओरडण्याला बोली नसते. हसणाऱ्या प्रेक्षकाला रिची इथे नेमका पकडतो: याच्या बोलण्यातलं एवढंच तुला कळायचं होतं का?

झाडीपट्टीत नाटक पाहिलेल्या माणसाला हा बदल परका वाटत नाही. दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा हे त्याचं केंद्र. कुठे शंकरपट, कुठे मंडई, आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. त्या एका रात्रीत लावणी असते, खून असतो, माहेर तुटलेल्या लेकीचं रडणं असतं आणि पोट दुखेपर्यंत हसणं असतं. कुणी विचारत नाही की हे विनोदी आहे की शोकान्त. या रंगभूमीवर विनोदी भूमिकांसाठी गाजलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. विनोदी नटाचं काम नुसतं हसवण्याचं नसतं, पुढच्या रडण्याला जागा करून देण्याचंही असतं, हे तंबूत मातीवर बसलेल्या प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून 'गँगस्टरपटात अचानक इतकं गंभीर कशाला' हा प्रश्न मी आमच्याकडे ऐकला नाही. बरेच जण म्हणाले ते एवढंच: "मायलेच जारलं ना गा, आता हा सोडत नाही."

आणि तो सोडत नाहीच. आईच्या दिवसात दारू पिऊन तर्र झालेला मिकी रिंगणात उतरतो. टर्किशला धास्ती, हा चौथ्या फेरीपर्यंत उभा तरी राहील का. मिकी मार खातो, पडतो, उठतो आणि नेमका चौथ्या फेरीतच समोरच्याला झोपवतो. स्वतःवर पैसे लावून. इकडे त्याच्या माणसांनी तळावर दबा धरून बसलेल्या ब्रिक टॉपच्या मारेकऱ्यांना संपवलेलं असतं. ब्रिक टॉपही संपतो. दुसऱ्या दिवशी तळ रिकामा. एवढी मोठी योजना आखली गेली आणि ना टर्किशला कळली, ना आपल्याला. कारण ती त्यांच्या भाषेत आखली गेली, आणि ती भाषा आपण सगळ्यांनी जोक म्हणून कानाबाहेर टाकली होती.

म्हणून 'नुसती स्टाइल' हे मत मला पटत नाही. या स्टाइलनं आपल्याला भुलवलं, आणि त्या भुलण्याची किंमतही दाखवली.

पण चित्रपटाचा हिशेब इथे संपत नाही. त्याच्या नावावर दोन मोठ्या बाकी आहेत.

पहिली बाकी: तो ज्या पूर्वग्रहाला शेवटी उलटवतो, त्यावर आधी दीड तास पोट भरतो. ट्रॅव्हलर लोकांसाठी यात सतत वापरलेला 'पायकी' हा शब्द शिवी आहे. ते लबाड, खोटा माल विकणारे, मारामारी करणारे, हेच चित्र रंगवलंय. याच २००० साली इंग्लंडमधल्या एका न्यायालयानं आयरिश ट्रॅव्हलर हा स्वतंत्र वांशिक समूह आहे आणि भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण त्याला लागू होतं, असा निकाल दिला. त्यांच्या मायदेशी, आयर्लंडमध्ये, ही मान्यता यायला २०१७ उजाडलं. म्हणजे पडद्यावर लोक हसत होते तेव्हा त्या लोकांची लढाई आपण 'कुणीतरी' आहोत हे सिद्ध करण्याची होती.

आपल्याला हे समजायला लंडनला जायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून कितीतरी जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की संशयाची पहिली नजर पारध्यांच्या पालांकडेच वळते. पण मराठीकडे एक गोष्ट आहे जी 'स्नॅच'कडे नाही. १९८० साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. ज्यांच्याबद्दल बाकीचे बोलत होते, ते स्वतः बोलायला लागले. 'स्नॅच'चा निवेदक टर्किश आहे. मिकीची गोष्ट शेवटपर्यंत टर्किशच सांगतो. मिकी जिंकतो, पण सांगत नाही. तो आपल्याला चकवतो एवढंच आपल्याला कळतं. रात्री आईशेजारी बसून तो काय बोलत असेल, हे रिचीला ठाऊक नाही आणि ते जाणून घ्यायची त्याला उत्सुकताही नाही.

दुसरी बाकी बायकांची. चित्रपटात पुरुषच पुरुष. एकाच बाईच्या असण्यानं कथेला वळण मिळतं, ती मिकीची आई, आणि ते वळण तिच्या मरणाचं. तिला दोनचार वाक्यं मिळतात, नाव मिळत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचारून बघा. मिकीच्या जागी ब्रॅड पिट नसता, एखादा खराखुरा ट्रॅव्हलर असता, तर 'हा काय म्हणतोय' असा कान आपण दिला असता का? देखण्या माणसाची न कळणारी बोली आपल्याला रहस्य वाटते. बाकीच्यांची अडाणीपणा.

याची मराठीतली परीक्षा सोपी आहे. समजा 'स्नॅच' मराठीत डब करायचा ठरला. टर्किशला कुठली मराठी द्याल? टीव्हीवरची, नेहमीची, कारण तो 'आपल्यातला'. ब्रिक टॉपला मुंबईची टपोरी. आणि मिकीला? कुठल्याही स्टुडिओत पहिली सूचना हीच येईल की त्याला विदर्भातलं काहीतरी द्या, मजा येईल. त्या 'मजा येईल'मध्ये सगळी उतरंड आली. माझी हरकत मिकीला झाडीबोली देण्याला नाही. द्या, जरूर द्या, तिच्यात तो ठोसा बसेल. पण मग टर्किशलाही द्या. तो भांबावलेला, हिशेबी, भिऊन भिऊन जगणारा निवेदक एकदा 'ण' न म्हणता दोन तास बोलू द्या. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'नं २०१६ साली करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली. त्या बोलीत प्रेक्षकांनी प्रेम पाहिलं, रक्त पाहिलं आणि शेवटी थिएटरमधून मुकाट बाहेर पडले. बोलीवर कुणी हसलं नाही, कारण तिच्याकडे अख्खी गोष्ट होती, एक जोक नव्हता.

तेव्हा 'स्नॅच' पाहा. हिरा कुठे गेला याकडे पहिल्या वेळी लक्ष द्या, तो खेळ झकास आहे. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा मिकी बोलत असताना त्याच्याकडे नाही, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघा. टॉमीचं ते कसनुसं हसू, टर्किशची ती डोलणारी मान. असे चेहरे तुम्ही कुठेतरी पाहिलेत. वर्गात, हॉस्टेलवर, इंटरव्ह्यूच्या खोलीत. कधी तो चेहरा समोरच्याचा होता, कधी तुमचा.